आधी कागद, की आधी बाई?

आमच्या सल्ला केंद्रात एक नोंदवही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. तिच्यात रकाने आखलेले आहेत: नाव, वय, पत्ता, माहेर, लग्नाचं साल, मुलं, तक्रार. आणि अगदी शेवटी ‘ओळखपत्र’. हा शेवटचा रकाना कोणी आणि कधी घातला, ते आता आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. बहुधा कुठल्याशा देणगीदारांना लाभार्थींची यादी द्यायची होती तेव्हा घातला असेल, आणि मग तो तसाच राहून गेला. राहून गेलेल्या गोष्टींचाच पुढे नियम होतो.

२०२५च्या पावसाळ्यात, एका मंगळवारी, एक बाई केंद्रात आली. आमचं केंद्र ठाण्याच्या पुढे एका वस्तीजवळ, शाळेच्या एका खोलीत, आठवड्यातून दोन दुपारी चालतं. बाई तिशीच्या आतली. चार घरची धुणीभांडी करणारी. बोलणं बंगाली, हिंदी मोडकंतोडकं. डावा हात तिने पदराखाली धरला होता आणि मनगट सुजलेलं दिसत होतं. मी वही उघडली. नाव विचारलं, पत्ता विचारला. मग ते मनगट समोर दिसत असताना, निव्वळ सवयीने, विचारलं, ‘आधारकार्ड आणलंय का?’

ती उठली. ‘दीदी, बाद में आती हूँ,’ म्हणाली. त्यानंतर ती आलेली नाही.

पंचवीसेक वर्षं मी हे काम करते आहे. नवऱ्याने हाकललेल्या, सासरच्यांनी जाळू पाहिलेल्या, पोलीस चौकीतून ‘घरचं भांडण घरात मिटवा’ म्हणून परत पाठवलेल्या बायका आमच्याकडे येतात, आणि चौकीत विचारले जातात ते प्रश्न आपण विचारायचे नाहीत, हे आम्ही नव्या कार्यकर्तीला पहिल्या दिवशी शिकवतो. तेच मी केलं. म्हणून हे लिहिते आहे.

ती का उठली हे समजायला फार बुद्धी लागत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-ठाण्याच्या परिसरातून पकडलेल्या काही बंगालीभाषक कामगारांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलल्याच्या आणि ते पश्चिम बंगालचेच रहिवासी आहेत हे तिथल्या सरकारने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. परत आले ते नशिबाचे. पण वस्तीत बातमी पोचते ती ‘परत आले’ अशी नाही, ‘नेलं’ अशी पोचते. त्यानंतर कागद मागणारं कोणीही, मग ती खादीची साडी नेसलेली, केस पांढरे झालेली माझ्यासारखी बाई का असेना, त्याच रांगेत बसते. माझ्याकडे आलेली बाई मुर्शिदाबादची होती की सीमेपलीकडची, मला माहीत नाही. माझं म्हणणं असं, की तिच्या मनगटाचं काय करायचं हे ठरवण्यासाठी मला ते माहीत असण्याची गरजच नव्हती.

आमच्या बैठकीत यावर बरीच खडाजंगी झाली. एक जण म्हणाली, ‘आपण काय पोलीस आहोत?’ दुसरी म्हणाली, ‘उद्या चौकशी आली, संस्थेची नोंदणी गेली, म्हणजे मग उरलेल्या दोनशे बायकांनी कुठे जायचं?’ दोघींचंही खरं आहे. मात्र आपल्याला हा प्रश्न नवा वाटतो तितका तो नवा नाही. आपल्याच देशातून परदेशी गेलेल्या बायकांना तो चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पडला होता. त्या वेळी परक्या त्या होत्या, आणि कागद त्यांच्याकडे मागितले जात होते.

जानेवारी १९७९मध्ये भारतातून लंडनला लग्नासाठी गेलेल्या एका शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली. तिथे आधीच राहत असलेल्या माणसाशी लग्न करायला येणाऱ्या वाग्दत्त वधूला तेव्हा आधी व्हिसा काढावा लागत नसे. लग्न झालेल्या बायकोला मात्र परवान्यासाठी मायदेशात थांबून राहावं लागे. ही बाई वधू म्हणवते खरी, पण ती आधीच बायको नसेल कशावरून, असा अधिकाऱ्यांना संशय. कागदावर विश्वास नाही, म्हणून त्यांनी तिचं शरीर तपासलं. बातमी फुटली तेव्हा ‘आवाझ’ नावाच्या आशियाई बायकांच्या गटाने विमानतळावर निदर्शनं केली, गदारोळ झाला आणि ही प्रथा बंद करावी लागली. त्या चाचणीमागचं सरकारी गृहीतक तर आपल्या सासवांच्या तोंडी शोभेल असं होतं: चांगल्या घरची आशियाई मुलगी म्हणजे लग्नापूर्वी कुमारिका असणारच!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये, जिथे पन्नासच्या दशकापासून पंजाबी कामगार रबराच्या कारखान्यात राबत आले, तिथे वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. पोलिसांच्या मारात ब्लेअर पीच हा शिक्षक मेला. या सगळ्या धगीतून वर्षाच्या अखेरीस ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना उभी राहिली. ‘ब्लॅक’ हा शब्द त्यांनी समजून-उमजून घेतला होता. आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन बायका एकाच नावाखाली एकत्र आल्या होत्या.

या बायकांची अवघड गोष्ट अशी होती, की त्यांना दोन्हीकडे तोंड द्यायचं होतं. बाहेर वंशद्वेष आणि पोलीस, आत नवरा, सासर आणि जमातीचे पुढारी. ‘गोरे टपलेलेच आहेत, अशा वेळी घरची धुणी चव्हाट्यावर कशाला आणता?’ हे त्यांना आपल्याच पुरुषांनी ऐकवलं. आपल्याकडच्या दलित आणि मुस्लीम मैत्रिणींना हे वाक्य सांगावं लागणार नाही.

माझी एक मामेबहीण लंडनमध्ये बायकांच्या एका लहानशा केंद्रात बरीच वर्षं दुभाषाचं काम करत होती. तासावर पैसे, तेही प्रत्येक तासाचे मिळतच असं नाही. कागदावर तिचं काम म्हणजे मराठी, हिंदी आणि गुजराती बायकांचं बोलणं इंग्रजीत सांगणं. प्रत्यक्षात ती बाईला घेऊन डॉक्टरकडे जायची, शाळेत जायची, घरकुलाच्या कचेरीत तासन्‌तास बसायची, सासूच्या कपाटातला पासपोर्ट कसा मिळवायचा याचा विचार करायची. तिच्या आधी बहुतेक ठिकाणी दुभाषाचं काम करायची ती मुलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने डॉक्टरला सांगायचं, की बाबांनी आईला कुठे मारलं! आई अर्थातच त्याच्यादेखत म्हणायची, जिन्यावरून पडले.

ती एकदा सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला विचारलं, सगळ्यांत कठीण काय? मला वाटलं, ती म्हणेल कायद्याची भाषा. ती म्हणाली, ‘त्रास’. आपल्याकडची बाई म्हणते, ‘घरी थोडा त्रास आहे.’ किंवा ‘हे जरा तापट आहेत.’ किंवा नुसतंच, ‘काय सांगायचं ताई!’ आपल्याला कळतं. तिच्या मानेच्या हालचालीवरून कळतं, की हा थोडा त्रास म्हणजे दोन वेळा इस्पितळ झालेलं आहे. पण शब्दाला शब्द ठेवून सांगितलं तर समोरचा अधिकारी लिहिणार, ‘किरकोळ घरगुती मतभेद’. आणि जास्तीचं सांगितलं, तर दुभाषी मनचं सांगते म्हणून तिला बाहेर काढणार. मग ती काय करायची? ती बाईला पुन्हा विचारायची. पुन्हा, वेगळ्या शब्दांत, न घाई करता. ‘थोडा म्हणजे कसा गं?’ अधिकारी घड्याळ बघायचा. अशा एका वाढीव पाच मिनिटांवर कितीतरी बायकांचं पुढचं आयुष्य टांगलेलं असायचं, आणि त्या पाच मिनिटांचे पैसे तिला कोणी दिले नाहीत. या कामाला लोक ‘सेवा’ म्हणतात. मला त्या शब्दाचा आताशा राग येतो. सेवा म्हटलं, की पगार द्यावा लागत नाही.

या टेबलांवर बसून काय साधलं, ते आता सांगते. त्या काळी ब्रिटनमध्ये ‘एक वर्षाचा नियम’ होता. लग्न करून आलेल्या बाईने पहिलं वर्षभर त्याच नवऱ्याबरोबर नांदायचं. त्याआधी लग्न मोडलं तर तिचा राहण्याचा हक्क संपला, मायदेशी परत. नवरा मारतो म्हणून घर सोडलं तरीही तेच. म्हणजे मारणाऱ्याच्या हातात काठी तर होतीच, सरकारने हद्दपारीचा दांडकाही त्याच्याच हातात दिला. भरीला ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ असा शेरा. घरभाड्याची सरकारी मदत तिला मिळत नाही, आणि निवारागृहांचा खर्च त्या मदतीवर चालतो, त्यामुळे निवारागृहही तिला घेऊ शकत नाही.

साउथॉलच्या बायकांनी आणि त्यांच्यासारख्या इतर गटांनी आपल्याकडे येणाऱ्या बायकांच्या हकिगती एकेक करून नोंदल्या, मोजल्या आणि वर्षानुवर्षं सरकारपुढे मांडल्या. १९९९मध्ये छळ सिद्ध करणाऱ्या बायकांना सवलत मिळाली, २००२मध्ये ती नियमांत आली. एवढ्यात लगेच २००३मध्ये एका वर्षाची दोन वर्षं केली गेली आणि २०१२मध्ये पाच! इकडे खिडकी उघडायची आणि तिकडे भिंत उंच करायची. २०१२मध्ये मात्र आणखी एक गोष्ट मिळाली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईने घर सोडलं, तर अर्ज करण्यापुरती तीन महिने सरकारी मदत. पण ती कायम रहिवाशांच्या आणि नागरिकांच्या बायकांना. नोकरीसाठी गेलेल्यांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या बायकांना ती तीन महिन्यांची मदत २०२४ पर्यंत नव्हती, आणि आता मिळते तरी तिथेच कायम राहण्याची वाट त्यातून उघडत नाही. पुण्याहून संगणक कंपनीतल्या नवऱ्याबरोबर लंडनला गेलेली आपली मुलगी नेमकी या दुसऱ्या गटात मोडते, हे तिच्या आईवडिलांना लग्नाची याद करताना कोणी सांगत नाही. हॉल, दागिने, विमानाची तिकिटं, सगळ्याची चौकशी होते. व्हिसा कोणाच्या नावावर आहे याची होत नाही.

किरणजित अहलुवालियाचं नाव आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, कारण तिच्यावर २००६मध्ये ऐश्वर्या रायचा सिनेमा आला. दहा वर्षं मार खाल्ल्यानंतर १९८९मध्ये तिने नवऱ्याला पेटवलं, तो मेला, तिला जन्मठेप झाली. त्या दहा वर्षांची कहाणी न्यायालयासमोर नीट आलीच नव्हती. साउथॉलच्या बायकांनी तिचा खटला पुन्हा उभा करायला लावला आणि १९९२मध्ये ती सुटली. सिनेमात नायिका असते. तिला तुरुंगात भेटायला जाणाऱ्या, कागद जमवणाऱ्या, वकील शोधणाऱ्या बायका कुठल्याही पडद्यावर फार वेळ दिसत नाहीत.

या बायकांचाही गळा आवळायचा प्रयत्न झालाच. २००८मध्ये त्यांच्या भागातल्या ईलिंगच्या नगरपालिकेने ठरवलं, की एका विशिष्ट समाजाच्या बायकांसाठी वेगळी संस्था कशाला, सगळ्यांसाठी मिळून एकच सेवा ठेवू. ऐकायला किती समतेचं! पण मग ‘थोडा त्रास’ म्हणजे काय हे कळणारी बाई त्या एका सेवेत कोण असणार होती? त्या न्यायालयात गेल्या, आणि नगरपालिकेला माघार घ्यावी लागली.

माझ्या वहीतल्या रकान्याशी सर्वांत थेट संबंध आहे तो २०१८च्या प्रकरणाचा. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे गेली, की तिचा व्हिसा संपला असल्यास पोलीस ती माहिती परदेशी नागरिकांच्या खात्याकडे पाठवत. तक्रार नवऱ्याची, चौकशी तिची. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि लिबर्टी या संघटनेने याविरुद्ध रीतसर मोठी तक्रार केली. डिसेंबर २०२०मध्ये पोलिसांवर देखरेख करणाऱ्या संस्थांनीच अहवाल दिला, की या पद्धतीमुळे अत्याचारग्रस्त बायका पुढे येत नाहीत, गुन्हेगार मोकाट राहतात, आणि ही माहिती देणं थांबवावं. सरकारने ती पक्की भिंत घालायला नकार दिला. २०२१च्या तिथल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही या बायकांना वगळलं गेलं. लढाई संपली नाही, पण एक गोष्ट तरी सरकारी कागदावर लिहिली गेली: मदत करणारा हात आणि हद्दपार करणारा हात एकच असेल, तर बाई कोणताच हात धरत नाही.

आता इकडे येऊ. ‘तिकडचे कायदे वेगळे, आपल्याकडे कुठे असं काही आहे?’ असं आमच्या बैठकीत एकीने विचारलं. आहे. फारसं नाही, पण आहे.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. आपण परके नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने त्या माणसावरच आहे. ती १९४६च्या कायद्यात होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५च्या कायद्यातही आहे. बाईने ते कसं सिद्ध करायचं? जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि शिधापत्रिकेवर कारकुनाने लिहिलेलं तिसरंच. आपल्या मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या किती जणी या परीक्षेत पास होतील, ते एकदा आपापल्या घरातल्या आजीच्या कागदांवरून बघा.

पण १९९८मध्ये हावडा स्टेशनवर, रेल्वेच्याच यात्री निवासात, अजमेरला निघालेल्या एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला, आणि आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या चंद्रिमा दास यांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला. रेल्वेने काय काय हरकती घेतल्या! त्यातली एक अशी, की ही बाई परदेशी, हिला कसले मूलभूत हक्क? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०००मध्ये ती हरकत फेटाळली. घटनेच्या २१व्या कलमातला जगण्याचा हक्क ‘व्यक्ती’ला आहे, फक्त नागरिकाला नाही, असं सांगून १० लाख रुपये भरपाई कायम केली. त्या बाईच्या बाजूने उभी राहिली ती तिच्या देशाची नव्हती, धर्माची नव्हती. नुसती शेजारच्या कोर्टात काळा कोट घालून जाणारी बाई होती.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, पीडित व्यक्ती कोण, याच्या व्याख्येत ‘कोणतीही स्त्री’ असे शब्द आहेत. तिथे नागरिकत्वाची अट नाही. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे, ज्या आधारकार्डासाठी मी त्या बाईला उठवलं, ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारचा २०१६चा कायदाच सांगतो. म्हणजे माझ्या प्रश्नाने तिची भीती वाढली आणि माझ्या हाती माहिती म्हणूनही काही आलं नसतं.

नोंदणी जाईल या भीतीचं काय? ती खोटी नाही. पण आम्हाला कोणी खोटं बोलायला सांगत नाही. पोलिसांनी रीतसर विचारलं तर आमच्याकडे जे आहे ते द्यावं लागेल. प्रश्न एवढाच आहे, की जे आमच्या कामाला लागत नाही ते आमच्याकडे असावं कशाला? जे लिहिलंच नाही ते मागून कोणाला काय मिळणार! मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४पासून पोलीस आयुक्तालयातच बायकांसाठी विशेष कक्ष चालला. तिथे बसणाऱ्या समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या इमारतीत बसूनही पोलीस झाल्या नाहीत. आम्ही तर शाळेच्या खोलीत बसतो.

‘आपल्याच बायकांना आपण पुरत नाही, मग परक्यांना कुठून?’ हाही मुद्दा निघाला. या ‘आपल्या’चा हिशेब मला लागत नाही. तीस वर्षांपूर्वी याच वस्तीत बिदरकडच्या बायका परक्या होत्या. आता त्यांतल्या दोघी आमच्या कार्यकारिणीवर आहेत, आणि खरं सांगायचं तर हा मुद्दा त्यांच्यातल्याच एकीने काढला.

एक अडचण मात्र मला सोडवता आलेली नाही. बाईला रात्री घर सोडावं लागलं तर तिला ठेवायचं कुठे? सरकारी निवारागृहात कागद लागतात, आणि तिथे आमचा रकाना पुसून काही होत नाही. आजवर अशा दोघींना आम्ही कार्यकर्त्यांच्या घरी ठेवलं. हे उत्तर नव्हे, हे मला कळतं. एका कार्यकर्तीच्या नवऱ्याने तिसऱ्या दिवशी विचारलंच, ‘ही किती दिवस?’

नव्या वहीत तो रकाना आखलेला नाही. एका सहकारी मैत्रिणीला हे अजूनही पटलेलं नाही, आणि तिने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे. वस्तीतली एक बंगाली बोलणारी बाई, जी स्वतः शिवणकाम करते, मंगळवारी दोन तास आमच्याबरोबर बसायला तयार झाली आहे. ‘थोडा त्रास’ला तिच्या भाषेत काय म्हणतात, ते ती आम्हाला सांगेल. तिने पहिलाच प्रश्न विचारला, की दोन तासांचं शिवण बुडेल, त्याचे किती देणार? केंद्राच्या जमाखर्चात आज तरी त्यासाठी काही तरतूद नाही. विषय पुढच्या महिन्याच्या बैठकीत पहिला ठेवला आहे.